तीन शुक्रवार

टेक्ससच्या शाळांत पास व्हायला सत्तर लागतात. पस्तीसवर पेढे वाटलेल्या आपल्या लोकांना हे पहिल्यांदा ऐकून खरंच वाटत नाही. ‘सत्तर म्हणजे फर्स्ट क्लासच्याही वर की हो!’ असं नातवाकडे आलेले एक आजोबा मंडळाच्या गणपतीत मला म्हणाले होते. त्यांना पुढचं सांगितलंच नाही. सत्तरऐवजी एका विषयात एकोणसत्तर आले तर पोराचं नुसतं प्रगतिपुस्तक बिघडत नाही, त्याच्या स्पर्धाही बंद होतात. फुटबॉल असो, बँड असो, नाटक असो की वादविवाद, निदान तीन आठवडे मैदान आणि रंगमंच दोन्ही बंद. ‘नो पास, नो प्ले’ हे या कायद्याचं बोलीतलं नाव, आणि इथल्या पोरांना तो राष्ट्रगीताच्या आधी पाठ होतो.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला एका मोठ्या सरकारी हायस्कुलात गणित शिकवते. नाशिकला बीएस्सी, बीएड करून थोडी नोकरी झाली, मग नवऱ्यामागून इकडे आले आणि बरीच वर्षं घरात बसून काढली. एच-फोर व्हिसावरच्या काही बायकांना कामाची परवानगी २०१५ पासून मिळू लागली, त्यात माझा नंबर लागला. इथलं शिक्षकाचं सर्टिफिकेट घेतलं आणि वर्गात उभी राहिले. नव्या शिक्षकाला जे काम कुणालाच नको असतं ते मिळतं. मला क्रेडिट रिकव्हरीची लॅब मिळाली. आता ती कुणी काढून घेऊ म्हटलं तर मी भांडेन.

लॅब म्हणजे वाचनालयामागची एक लांबट खोली, भिंतीला लागून संगणक, आणि पोरांच्या हुडीमधून येणारा चिप्सचा वास. नववी ते बारावी या चार वर्षांत इथे क्रेडिटं साठवायची असतात. एका सहामाहीचा विषय पास झाला की अर्धं क्रेडिट, वर्षभराचा झाला की एक. राज्याच्या नियमाप्रमाणे डिप्लोमाला बावीस लागतात, पण बहुतेक पोरं ज्या वाटेने जातात तिला सव्वीस. जो विषय गेला त्याचं क्रेडिट गेलं, आणि ते परत मिळवायला माझ्या खोलीत यायचं. दुसरे मार्गही आहेत. उन्हाळी शाळा आहे. ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ किंवा लबकचं टेक्सस टेक यांची परीक्षा देऊन क्रेडिट घेता येतं. वर्गात बसून नापास झालेल्याला त्यात सत्तर टक्के पुरतात, न बसताच परीक्षा देणाऱ्याला ऐंशी लागतात. आमच्या जिल्ह्यात दोन सहामाह्यांची सरासरीही धरतात. पहिल्या सहामाहीत पासष्ट, दुसरीत पंचाहत्तर, म्हणजे सरासरी सत्तर आणि अख्खं क्रेडिट पदरात. ही एक गोष्ट जानेवारीत पोरांच्या कानावर घातली की फेब्रुवारीत वर्गातली हजेरी सुधारते.

हजेरीचाही एक फास आहे. वर्ग जितके दिवस भरला त्यातल्या नव्वद टक्के दिवशी पोर हजर नसेल तर मार्क कितीही असोत, क्रेडिट अडकतं. चौऱ्याहत्तर मार्क घेतलेली मुलगी माझ्याकडे येते, का, तर सकाळी धाकट्या भावंडांना शाळेत सोडून ती पहिल्या तासाला पोचतच नव्हती. मग शनिवारी येऊन तास भरून काढायचे. तिला शिकवायला माझ्याकडे काही नसतं. ती पुस्तक वाचत बसते, मी पेपर तपासते, आणि सरकारी हिशेब पुरा होतो.

पण खरा घोळ वेगळाच आहे, आणि तो पोरांना, पालकांना, कधीकधी नव्या कोचलाही कळत नाही. एकाच पोराची दोन खाती असतात. एक क्रेडिटचं, त्याचा हिशेब चार वर्षांचा. दुसरं खेळण्याच्या पात्रतेचं. त्याचा हिशेब दर सहा आठवड्यांनी. पहिल्या खात्यात भरलेलं दुसऱ्यात जमा होत नाही. वर्षाच्या सुरुवातीला तेवढी त्यांची गाठ पडते. दहावीत पाऊल टाकताना पाच क्रेडिटं हवीत, अकरावीत दहा किंवा मागच्या बारा महिन्यांत मिळवलेली पाच, बारावीत पंधरा किंवा तीच पाच. तेवढी असली की पोर ऑगस्टमध्ये मैदानात उतरायला मोकळं. त्यानंतर मात्र मागचं कुणी विचारत नाही, आत्ता चालू असलेल्या विषयांत सत्तर आहेत का एवढंच बघतात.

तीन आठवड्यांची मोजणी मी फळ्यावर शुक्रवार आखून समजावते. समजा, सहा आठवडे एका शुक्रवारी संपले. त्या रात्री नापास पोरगाही खेळू शकतो, कारण पुढे सात दिवसांची सवलत आहे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सामना असेल तर तोही खेळता येतो. शुक्रवारी शेवटची घंटा झाली की पात्रता गेली. त्या रात्रीचा सामना हुकला, पुढचा हुकला, त्याच्या पुढचाही हुकला. दरम्यान तीन आठवड्यांचे मार्क बघतात. सगळ्या विषयांत पास असेल तर आणखी सात दिवस थांबायचं, आणि चौथ्या शुक्रवारी शेवटच्या घंटेला पोरगा पुन्हा पात्र. म्हणजे तीन शुक्रवार गेले. फुटबॉलच्या साखळीत दहाएक सामने असतात, त्यातले तीन. हे सगळं चालू असताना सरावाला मात्र जाता येतं. आणि चुकून अपात्र पोराला उतरवलं तर जिंकलेला सामनाही हरलेला धरतात, म्हणून त्या शुक्रवारी दुपारी आमच्या ऑफिसातली बाई याद्या घेऊन कोचच्या दारात स्वतः उभी असते.

पूर्वी हे तीन नव्हते, सहा आठवडे होते, आणि सरावही बंद होता. कायदा १९८४ चा. गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी शिक्षणाची दशा सुधारायला समिती नेमली आणि तिच्यावर डॅलसचे उद्योगपती रॉस पेरो यांना बसवलं, तेच जे पुढे १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. पेरो यांनी टेक्ससच्या फुटबॉलवेडावर तोंडसुख घेतलं आणि विधिमंडळाने उन्हाळी अधिवेशनात कायदा केला. गावोगावचे कोच खवळले. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अभ्यासेतर उपक्रमांत भाग घेणं हा मूलभूत हक्क नाही असं सांगून न्यायालयाने १९८५ मध्ये कायदा उचलून धरला. पुढच्याच वर्षी व्हाइट निवडणूक हरले, आणि त्यात कोच लोकांच्या रागाचाही वाटा होता असं इथले जुने शिक्षक सांगतात. सहाचे तीन आठवडे झाले ते १९९५ मध्ये, आणि सरावाला परवानगीही तेव्हाच मिळाली.

मला हा बदल कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पंधरा वर्षांच्या पोराला सहा आठवडे म्हणजे हंगाम संपला. मग तो गणित कशासाठी करील? तीन आठवड्यांचा शेवट त्याला दिसतो. आपल्याकडे मार्चमध्ये दहावी नापास झालेल्याला ‘ऑक्टोबरची वारी’ करावी लागायची. वारीत पास झाला तरी कॉलेजं सुरू होऊन गेलेली, मग वर्षभर घरी. माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं त्या रिकाम्या वर्षातच शाळेपासून कायमची सुटली. एक गॅरेजवर गेला, एकीचं लग्न झालं. २०१५ मध्ये बोर्डाने फेरपरीक्षा जुलैत आणली आणि त्याच वर्षी अकरावी गाठायची वाट मोकळी झाली. ऑस्टिनमधल्या आणि मुंबईतल्या साहेबांनी एकमेकांना फोन केला नसेल, पण शिक्षा आखूड केली की पोरगं परत येतं हे दोघांनाही उशिरा का होईना कळलं.

या नियमाचं सगळं वळण मला समजलं ते बँडमधल्या एका मुलामुळे. सुझाफोन वाजवायचा, म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर घ्यायचं ते प्रचंड पितळी वाद्य. मुलगा तसा बुटकाच, त्यामुळे लांबून नुसतं वाद्यच चालत येतंय असं वाटायचं. नववीत त्याचा अल्जेब्रा गेला, इंग्रजी गेलं आणि आणखी एक सहामाही गेली. दहावीला लागणारी पाच क्रेडिटं भरेनात, म्हणून जूनमध्ये उन्हाळी शाळेत माझ्यासमोर येऊन बसला.

तो एकाच जागी अडकायचा. उणे तीन एक्स अधिक पाच हे सतरापेक्षा मोठं किंवा सतराइतकं आहे, तर एक्स किती? पाच पलीकडे नेले, बारा उरले, इथवर ठीक. उणे तीनने भागलं की उणे चारही बरोबर यायचे. चिन्ह मात्र उलटायचं राहायचं. संगणकावर चार पर्याय असतात, त्यातले दोन तो काढून टाकायचा आणि उरलेल्या दोहोंत नाणं उडवायचा. निम्म्या वेळा बरोबर यायचं आणि संगणक त्याला शाबासकी द्यायचा. मी त्याचा पडदा बंद केला आणि वहीवर एक रेघ मारायला लावली. रेघेवर दोन आणि पाच मांडले. पाच मोठे, उजवीकडे. आता दोघांना उणे एकने गुण. उणे दोन, उणे पाच. मोठं कोण? तो बराच वेळ रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मिस, हे अबाउट फेस आहे. अख्खी रांग फिरली, जो पुढे होता तो मागे गेला.’ माझ्या बीएडच्या पाठात मला हे सुचलं नव्हतं. पुढे त्याचं चिन्ह उलटायचं राहिलं की मी काही न बोलता बोट गोल फिरवायचे.

जूनअखेर अल्जेब्राचं क्रेडिट परत आलं. इंग्रजीचंही आलं. ऑगस्टमध्ये तो बँडबरोबर मैदानात उतरला. आणि सप्टेंबरअखेर पहिले सहा आठवडे संपले तेव्हा जॉमेट्रीत सहासष्ट.

तो लॅबमध्ये आला तो भांडायलाच. ‘मी अल्जेब्रा भरून दिला ना?’ दिला होता. खरोखर शिकून दिला होता. पण तो पहिल्या खात्यात. ऑक्टोबरमध्ये मार्चिंग बँडची विभागीय स्पर्धा असते, ती नेमकी त्या तीन आठवड्यांत येत होती. मार्चिंगमध्ये प्रत्येक पोराची जागा नकाशावर ठरलेली असते: अमुक यार्डरेषेपासून इतकी पावलं आत, पाच यार्डांत आठ पावलं या मापाने. एक पोर कमी झालं की आकृतीत भोक दिसतं, आणि परीक्षक वरून, स्टँडच्या टोकावरून बघत असतात. बँड डायरेक्टरने राखीव मुलीला त्याच्या जागेवर घातलं. सरावाला हा रोज यायचा, कारण सराव बंद नव्हता, आणि स्वतःचा नकाशा तिला तोच शिकवायचा. स्पर्धेच्या शनिवारी तो ट्रकवर वाद्यं चढवायला गेला. तिथे कुणी विचारलं तर ‘लोडिंग क्रू’ असं सांगायचा. तीन आठवड्यांनी जॉमेट्रीत चौऱ्याहत्तर होते.

इथे कुणी म्हणेल, पाहा, कायद्याचा धाक कामी आला. मला तसं सरळ वाटत नाही. त्याला सकाळी सहाला शाळेत आणणारी गोष्ट बँडच होती. बँड नसता तर तो माझ्या लॅबपर्यंतही आला नसता. कायदा त्याच्याकडून नेमकी तीच गोष्ट काढून घेतो. काम झालं, कारण काढून घेतलेलं कधी परत मिळणार याची तारीख त्याला माहीत होती, आणि सराव चालू असल्यामुळे तो त्या टोळीतून बाहेर पडला नाही.

ही तारीख आपले मराठी पालक खोडून टाकतात. आमच्या शाळेत आपल्याकडची मुलं पुष्कळ आहेत. गेल्या वर्षी एका ओळखीच्यांचा रात्री फोन आला. मुलगी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, एपी केमिस्ट्रीत चौसष्ट पडले होते. वडिलांनी आधीच सगळं शोधून ठेवलं होतं. ‘ताई, एपीला तो नियम लागू नाही म्हणे. म्हणजे वाचलो ना?’ अर्धं बरोबर होतं. एपीसारख्या वरच्या विषयांना ‘नो पास, नो प्ले’मधून सूट आहे, त्यामुळे मुलगी स्पर्धेत वाजवायला मोकळी होती. पण दोन खाती! चौसष्टवर सहामाही संपली असती तर क्रेडिट मिळालं नसतं, आणि आमच्या जिल्ह्यात नंतर भरून काढलं तरी जुना शेरा ट्रान्सक्रिप्टवर तसाच राहतो. हे ऐकल्यावर पलीकडे शांतता पसरली. मग आईने फोन घेतला. ‘आमच्याकडे आजवर कुणी नापास झालेलं नाही हो. उद्यापासून ते व्हायोलिन बंद. बारावी होईपर्यंत.’

मी त्यांना म्हटलं, वहिनी, ज्या सरकारने हा कायदा केला त्यानेसुद्धा तीन आठवड्यांच्या वर मागितलेलं नाही, तुम्ही दोन वर्षं कुठून आणली? त्या हसल्या नाहीत. व्हायोलिन महिनाभर कपाटावर गेलंच. आपल्याकडे खेळ, वाजवणं हे अभ्यासाच्या वाटणीतून चोरलेलं धन मानायची सवय आहे, आणि दुसरीकडे राज्यपातळीवर खेळलेल्या पोराला बोर्ड दहावी-बारावीत सवलतीचे वाढीव गुणही देतं. तिकडे खेळलात तर मार्क, इकडे मार्क पडले तर खेळ. दोन्हींत थोडी गंमत आहे, थोडी लबाडीही.

लबाडीवरून आठवलं. आमच्या शाळेत एकोणसत्तर हा आकडा जवळजवळ नामशेष झालाय. सहा आठवडे संपायच्या आदल्या दिवशी शिक्षक एकतर सत्तर करून टाकतात किंवा सदुसष्टवर थांबतात, म्हणजे कुणी दारात येऊन ‘एकच मार्क हो’ म्हणायला नको. कोच दारात येतात हे खरं आहे. बहुतेक जण आधी येतात, ‘याला काय काय द्यायचं राहिलंय?’ असं विचारतात आणि पोराला कॉलर धरून घेऊन येतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. एखादा नंतर येतो. त्याच्याशी मी हवापाण्याच्या गप्पा मारते.

आणि संगणकावरचे ते कोर्स. वर्षभराचा विषय त्यात धड्याधड्यांनी लावलेला असतो: आधी पूर्वपरीक्षा, पास झाल्यास धडा वगळायचा, नाहीतर व्हिडिओ, मग प्रश्न, मग घटक चाचणी. पोरं दुसऱ्याच दिवशी वाटा शोधतात. व्हिडिओ एका खिडकीत चालू, दुसरीत प्रश्न जसाच्या तसा टाकून उत्तर. आठवड्याच्या आत अर्धं क्रेडिट उरकणारे आहेत. वॉशिंग्टन डीसीच्या बॅलू हायस्कूलने २०१७ मध्ये सगळेच्या सगळे १६४ पदवीधर कॉलेजात लागल्याची वाहवा मिळवली. पुढे पत्रकारांनी खणलं तेव्हा त्यातले निम्मे तीन महिन्यांहून जास्त दिवस शाळेतच नव्हते असं निघालं. त्यांना पास करायला हेच झटपट क्रेडिट कामी आलं होतं. म्हणून माझ्या लॅबमध्ये घटक चाचणीला कुलूप असतं, आणि कुलूप उघडायला वही दाखवावी लागते. हाताने सोडवलेली उदाहरणं, खाडाखोडीसकट. स्वच्छ वही आली की मला संशय येतो. पोरं म्हणतात, मिस, इतर लॅबमध्ये असं नसतं. नसेल.

या घाईचा फटका वरच्या वर्गातल्या खेळाडूंना फार उशिरा कळतो. कॉलेजात पहिल्या श्रेणीत खेळायचं तर एनसीएएला, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेला, सोळा मुख्य विषय लागतात, त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधी, आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. ते दहा तिथे गोठतात. नंतर तोच विषय पुन्हा करून मार्क सुधारता येत नाहीत. शिवाय वर्गातल्या विषयाच्या तोडीचा नसलेला क्रेडिट रिकव्हरीचा कोर्स ते धरतच नाहीत. शाळेला चाललं, राज्याला चाललं, डिप्लोमाही मिळाला, आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या कॉलेजच्या पत्रात ‘अपात्र’. हे तिसरं खातं मी आता नववीतच सांगून टाकते. नववीतली पोरं ऐकत नाहीत, पण त्यांच्या आया लिहून घेतात.

सुझाफोनवाला अकरावीत गेला. त्या ऑक्टोबरनंतर बँड डायरेक्टरने एक गोष्ट केली: सकाळच्या सरावातला पहिला अर्धा तास ज्यांचे मार्क सत्तरच्या आसपास लोंबकळतायत त्यांना माझ्याकडे पाठवायचं ठरवलं, सहा आठवडे संपायची वाट न बघता. वेळापत्रकात या अर्ध्या तासाला नाव नाही, त्याचे पैसेही मिळत नाहीत. पोरं वाद्यं भिंतीला टेकवून बसतात आणि तो बुटका आता नववीतल्यांना रेघ मारून रांग फिरवून दाखवतो. गणितापुरतं आमचं बरं चाललंय. अडतंय ते इंग्रजीत, कारण नववीत सगळ्यात जास्त क्रेडिटं तिथेच जातात आणि ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पहाटे साडेसहाला समजावणं माझ्या आवाक्यात नाही. इंग्रजीच्या एका मॅडमना विचारलंय. सकाळची कॉफी शाळेने द्यावी एवढीच त्यांची अट आहे, आणि तो अर्ज गेले दोन आठवडे ऑफिसात पडून आहे.